पाच माणसांचं कडं

४ फेब्रुवारी, गुरुवार

जाऊबाई,

पत्र माझं आहे हे पाकिटावरच्या अक्षरावरून कळलंच असेल. फाडू नका. भांडायला लिहीत नाहीये, कामापुरतं लिहितेय.

पत्ता तुमच्या दिरांकडून घेतला. दर रविवारी ते दाढी करायला म्हणून बाहेर पडतात आणि वाढल्या दाढीनं परत येतात, खिशात फोन तापलेला. दीड वर्ष बघतेय मी हे. मी काही दुधखुळी नाही. फोन मलाही करता आला असता, पण फोनवर माझी जीभ माझ्या पुढे धावते. कागदावर निदान खोडता येतं.

तर काम असं. तुम्ही गुरुवारी ती सुतळी करायचात ना, टोमॅटोची, वर पावाचा कुरकुरीत चुरा घातलेली? ती मला करायची आहे. (ढब्बू अजून सुतळीच म्हणतो. दुकानात मी पास्ता मागितला तर म्हणाला, "ते नको, आपली सुतळी घे.") लॉन्ड्रीतली माझी शिफ्ट हल्ली सहाला सुटते. साडेसहाला घरी, आणि सातला सगळे माझ्या तोंडाकडे बघत बसलेले. आठवड्याच्या त्या टोकाला मटण-मासळीचं नाव काढायची सोय नसते. टोपलीत चार टोमॅटो, लसणाचा एखादा गड्डा आणि शिळा पाव. तुम्ही एवढ्यावर अर्ध्या तासात सगळ्यांना गप्प करायचात.

मी केली की तिचा गोळा होतो. गेल्या गुरुवारी चिमणीनं काटा खुपसून उचलला, तर बशीतली सगळी सुतळी एकदम वर आली. सासूबाई म्हणाल्या, "डोक्यात घाल गं, थंडी आहे." सगळे हसले. मीही हसले. मग भांडी घासताना नळ जरा मोठा सोडला.

शिवाय किती घ्यायची तेही कळत नाही. एकदा भरमसाट उरते, एकदा माझ्या वाट्याला नुसता पाव येतो. कृती तेवढी लिहून पाठवा. बाकी सगळं ठीक. मुलं मजेत आहेत, कुणाला तुमची आठवण बिठवण येऊन अडलेलं नाही.

ता. क. तुमचं पितळी कडं स्वयंपाकघरातल्या खिळ्यावरच आहे. जाताना जसं वाकवून ठेवलंत तसंच. सासूबाईंच्या आईचं होतं ते, त्यांनी कौतुकानं तुमच्या हातात घातलेलं. राग माझ्यावर होता तर माझं काहीतरी मोडायचं होतंत. जाऊ दे. कामापुरतं लिहिणार होते.


१५ फेब्रुवारी, सोमवार

जाऊबाई,

कार्ड मिळालं. अहो, एक ओळ? "तेल थंड असतानाच लसूण घाल, पाण्यात मीठ मूठभर." ना नमस्कार, ना खुशाली. पोस्टमननं कार्ड माझ्या हातात देताना विचारलं, "मूठ कुणाची धरायची हो, बाईची की बाप्याची?" म्हणजे वाचलं त्यानं. मी म्हटलं, लिहिणारीची. तो म्हणाला, "मग बेताचीच असेल, अक्षर बारीक आहे."

पण खरं सांगते, थंड तेलानं जादू केली. मी आजवर तेल धूर येईस्तोवर तापवून लसूण टाकत होते आणि तो जळला की गॅसला शिव्या देत होते. या वेळी कढईत तेल, त्यात लसणाचे काप, एक मिरची, आणि खाली अगदी बारीक आच. काही होईना. मी तिथंच उभी. मग हळूच कापांच्या कडेनं बुडबुडे आले, आणि वास आला तो आधी इतका थोडा की मला वाटलं आठवणीतलाच येतोय. खिडकीतून मावळतीचं शेवटचं ऊन आत येऊन ओट्यावर पडलं होतं. मुलं जिन्यात खेळत होती, ती आपोआप गप्प झाली. चिमणी दारात येऊन उभी राहिली. वास घेतला, माझ्याकडे बघितलं, मग माझ्या मागे बघितलं. कुणी नव्हतं तिथे. आणि ती बश्या काढायला लागली.

चुराही कुरकुरीत झाला. चीज नाही तर चुरा, म्हणजे दुधाची तहान ताकावर असं मी एकदा तुम्हाला टोमणा मारला होता. आता सासूबाई चीज दिलं तरी नको म्हणतील.

लॉन्ड्रीत हल्ली मी जेवणाच्या सुट्टीत जरा पडते. हॉटेलांच्या चादरी रोलरमधून निघाल्या की गरम असतात, त्यांच्या गठ्ठ्यावर पाठ टेकली की डोळा लागतोच. वाफेत माणसं अर्धीअर्धी दिसतात. कुणाचे नुसते हात, कुणाचा नुसता आवाज. तिथं मला एक स्वप्न पडतं. मोठी चादर आहे, एक टोक माझ्या हातात आणि दुसरं तुमच्या. घडी घालायची तर तुम्ही माझ्याकडे चालत यायला हवं. तुम्ही चालताय, चादर लोंबायला लागते, पण अंतर काही कमी होत नाही. मग मुकादम हाक मारतो. कशाला लिहिलं हे कोण जाणे. खोडत नाही आता.

तुमचे दीर काल बोलता बोलता बोलून गेले. एक एप्रिलपासून हॉस्टेल तुम्हाला कायमचं घेणार म्हणे, खोलीसकट. मार्चअखेरीला सही. खोलीला समुद्राकडची खिडकी आहे. छानच झालं की. चाळीस मुलींना रांधायचं म्हणजे मान आहे. मग इकडे यायला कसली सवड होणार. छानच.

एवढं सांगा, पाच माणसांना किती घ्यायची? मुठीनं सांगू नका.


२६ फेब्रुवारी, शुक्रवार

जाऊबाई,

दुसरं कार्ड मिळालं. सांगितल्याप्रमाणे केलं. काल सुतळी सगळ्यांना पुरली. जास्त लिहीत नाही, लॉन्ड्रीतला रोलर बिघडलाय, गडबड आहे.


२८ फेब्रुवारी, रविवार

जाऊबाई,

परवाचं पत्र खोटं होतं. रोलर कसला बिघडतोय, तो माझ्यापेक्षा धडधाकट आहे. बिघडले होते ती मी.

तुमचं कार्ड बुधवारी आलं. "खिळ्यावर कडं आहे. त्यात मावेल तेवढी घे. पाच जणांना नेमकी होते." मी जिन्यात उभी राहून तीनदा वाचलं. पोस्टमन ताटकळला होता. त्याला म्हटलं, जा बाबा, आज मूठ नाही.

गुरुवारी पाणी उकळायला ठेवलं आणि कडं खाली काढलं. दीड वर्षात पहिल्यांदा हात लावला. चेपून लांबुळकं झालेलं. पुसलं, काड्यांची जुडी आत सरकवली. घट्ट बसली, वर एक काडी जाईना. शिजवली, वाढली. पाच बश्या. कुणी अजून दे म्हणालं नाही, पातेल्यात एक धागा उरला नाही. ढब्बूनं बशी पावानं पुसून मला उलटी करून दाखवली. काखेत कळसा नि गावाला वळसा, असं मी म्हणणारच होते. तेवढ्यात चिमणी म्हणाली, "कडं गोल होतं ना, तेव्हा त्यात मोठी आईची पण मावायची."

माझा घास तसाच राहिला.

मग एकेक विचारत गेले. मला कुठलं माहीत असायला, मी तेव्हा उशिरा यायची, आल्यावर समोर वाढलेली बशीच बघायची. चिमणी म्हणाली, मोठी आई दर गुरुवारी हातातलं कडं काढून त्यातून सुतळी मोजायची. जायच्या आदल्या दिवशी तिनं कडं दाराच्या फटीत धरून दाबलं. मग सुतळी घालून बघितली, टेबलावर पाच ढीग केले. जास्त झाली, म्हणून परत दाबलं. परत ढीग केले. चिमणीनं विचारलं, काय करतेस? तर म्हणे, "माप करतेय. आईला घाईत बरं पडेल."

मी पोरीवर डाफरले, "मग तेव्हाच का नाही सांगितलंस?"

"तू विचारलंच नाहीस. तू आजीला सांगत होतीस, बघा, रागानं वाकवलं."

खरंय. दीड वर्ष सांगतेय. येईल त्याला खिळा दाखवून सांगितलं. तुमच्या दिरांना सांगितलं, सासूबाईंना तर उठता-बसता. मला ते कडं हवंच होतं तसं. तुमची एक तरी चूक घरात लटकलेली असली की माझी झाकून जाते. रागानं वाकवलं असतंत ना, तर परवडलं असतं. राग मला कळतो, माझ्या माहेरचा आहे तो. पण तुम्ही शांतपणे बसलात, सहाचं माप पाचाचं केलंत, आपलं स्वतःचं ताट त्यातून वजा केलंत, आणि माझी घाई नको व्हायला म्हणून खिळ्याला अडकवून गेलात. याचं मी काय करू?

आणि वजा करायला तुम्हाला लावलं कुणी, ते आज दुपारपर्यंत घरात कुणालाच ठाऊक नव्हतं. मी कुणाला सांगितलं नव्हतं, तुम्हीही सांगितलं नाहीत. आज लिहिते. ढब्बूला ताप होता. मी कामावरून आले, हात पुढे केले, तर तो तुमच्या पदरात तोंड खुपसून म्हणाला, तू नको, मोठी आई हवी. दिवसभर वाफेत उकडून आले होते मी. म्हणाले, "भाऊजी गेले. आता या घरात तुमचं कोण आहे? माझी पोरं तेवढी पळवू नका."

तुम्ही ढब्बूला माझ्या मांडीवर दिलंत. कढईखालचा गॅस बारीक केलात. मग आत गेलात. तशा वेळीही चुरा करपू नये म्हणून गॅस बारीक केलात, जाऊबाई. मला अजून ते चुलीचं बटण फिरवणारं मनगट दिसतं, कडं घातलेलं. चौथ्या दिवशी तुम्ही गेलात आणि मी सगळ्यांना सांगितलं की तुम्हाला चांगली नोकरी लागली.

माझ्या जिभेला हाड नाही हे सगळ्यांना माहीत आहे. पण ती घसरली नव्हती. मी नेम धरून बोलले होते. चुकले मी. साफ चुकले.

आज दुपारी सासूबाईंना सगळं सांगितलं, माझ्या त्या वाक्यासकट. वाटलं होतं, कडाडतील. त्यांनी कडं मागून घेतलं, बराच वेळ मांडीवर फिरवत बसल्या. मग म्हणाल्या, "थोरली मापात कधी चुकत नाही. या एकाच बाबतीत चुकली. तुझं ऐकून चुकली." आणि माझ्याशी बोलणं बंद केलं. संध्याकाळचा चहा मात्र माझ्या हातचा घेतला.


१२ मार्च, शुक्रवार

जाऊबाई,

तुमचं कार्ड नाही. पोस्टमन आता लांबूनच मान हलवतो. चूक माझी, मला घाई करता येणार नाही. पण महिनाअखेर काही माझ्यासाठी थांबत नाही, म्हणून लिहितेय.

कडं लॉन्ड्रीतल्या मिस्त्रीकडे नेलं. रोलर, पंप, सगळं तोच बघतो. म्हटलं, गोल करून दे. त्यानं चष्मा वर करून पाहिलं. "पितळ जुनं आहे. दोन-तीनदा दाबलंय कुणीतरी. परत वाकवताना तडकलं तर मला बोल लावू नका."

"तडकेल का?"

"घाई केली तर तडकेल."

घाई करू नका, म्हटलं. मी, जाऊबाई! मी कुणाला तरी घाई करू नका म्हटलं. चार दिवस घेतले त्यानं. जेवणाच्या सुट्टीत मी तिथं जाऊन बसायची. तो कडं जरा गरम करायचा, निवू द्यायचा, मग लोखंडी दांड्यावर चढवून लाकडी हातोडीनं टकटक. एका वेळी केसभर सरकायचं. वाफ भरून राहिलेली, टकटक टकटक, आणि माझी पापणी जडावलेली. मला वाटायचं, घरात बसलेय आणि तुम्ही आत लसूण ठेचताय. दर ठोक्याला वाटायचं, आता गेलं. तिसऱ्या दिवशी मिस्त्री म्हणाला, "बाई, श्वास घ्या. हातोडी माझ्या हातात आहे."

झालं गोल. तडा नाही. दाबलेल्या जागी दोन्हीकडे एकेक पांढरट रेघ राहिलीय. घासून टाकू का म्हणून विचारत होता, मी म्हटलं राहू दे.

काल गुरुवार. गोल कड्यात मावली तेवढी घातली. सहा बश्या. सहावी कुणाची म्हणून ढब्बूनं विचारलंच नाही. त्यानं ती आपल्या शेजारी ओढून घेतली आणि राखत बसला. त्याचे बाबा काटा घेऊन पुढे सरकले तर म्हणाला, "हात नाही लावायचा." सासूबाई एका तपानंतर माझ्याशी बोलल्या, "गार होईल, झाकून ठेव." आज ती बशी मी डब्यात आणलीय. गार सुतळीचा परत गोळा झालाय. चादरींवर बसून तीच खातेय आणि लिहितेय. डाग पडला तर तो टोमॅटोचा आहे.

आता ऐका. हॉस्टेल सोडून या असं मी म्हणत नाही. एकदा या घरातून जा म्हटल्यासारखं बोलले, आता परत या म्हणून हुकूम सोडू, असं कसं चालेल? सही करा. खोली घ्या, खिडकी घ्या, चाळीस पोरींना ताटावर बसवा. तुमचं तिथं नाव आहे, ते तुमचं तुम्ही कमावलंत. पण "या घरात तुमचं कोण आहे" हे मी विचारलं होतं ना, त्याचं उत्तर द्यायचं राहिलं होतं. सासूबाई आहेत. चिमणी आहे, ढब्बू आहे. दाढीचं निमित्त काढणारा तुमचा दीर आहे. मी आहे. मी सगळ्यात शेवटी लिहिलं, कारण मला लाज वाटते.

मोठी आई कोण आणि आई कोण हे मुलांना कधीच अवघड गेलं नाही. अवघड मला गेलं.

सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात. माझा गेला असं नाही, पण ढिला पडलाय. हे कडं मी परत दाबणार नाही. दर गुरुवारी सहाची होणार. तुम्ही नाही आलात तर शुक्रवारी मी गार खाईन. मला आवडते आता.


२५ मार्च, गुरुवार
(हे पत्र पोस्टात टाकलं नाही. डब्याखाली ठेवलंय, तुम्हाला दिसेल असं.)

जाऊबाई,

किल्ली शेजारी मिळाली ना? मी सहाला सुटते. सासूबाई आत झोपल्याचं सोंग घेऊन पडल्या असतील, सकाळपासून तीन वेळा केस विंचरून झालेत. मुलं चारला शाळेतून येतील. ढब्बू अंगावर उडी मारेल, सांभाळा, जड झालाय.

तुमचं कार्ड सोमवारी आलं. पोस्टमन वर चढून आला, दारातच वाचून दाखवायला लागला. मी हिसकावून घेतलं. "सही केली. दर गुरुवारची सुट्टी मागितली, मिळाली. दुपारच्या गाडीनं येते. सहाची घाल." चार वाक्यं! तुमच्या मानानं पोथीच झाली. तुमच्या दिरांनी ते वाचलं आणि उठून खरोखरची दाढी करून आले.

पण सहाची मी घालणार नाही, तुम्हीच घाला. पातेल्यात पाणी भरून ठेवलंय, मीठ घातलेलं नाही, मूठ तुमची हवी. लसूण सोललाय. चुरा डब्यात आहे. कढईत तेल ओतून ठेवलंय, थंडच आहे.

कडं खिळ्यावर शोधू नका. डब्यावर ठेवलंय, हातात घालून बघा. मिस्त्रीनं ठोकता ठोकता जरा जास्तच ताणलंय. मी काल सुतळी घालून बघितली, ढीगही केले. सहा होऊन वर थोडी उरते. मी काही ते परत दाबायला नेणार नाही. उरली तर उरू दे.